बेचाळीसच्या कोल्हापुरावर कादंबरी: इतिहास किती, कल्पना किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कागल तालुक्यातले. बेचाळीसच्या चळवळीत तुमच्या आजीने भूमिगतांना भाकरी पोचवल्या, असं घरात सांगतात. त्या धाग्यावरून तुम्ही कादंबरी लिहायला घेतली आहे. नायक गारगोटीच्या गोळीबारातून निसटतो, त्याच रात्री वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत आसरा घेतो आणि तिथल्या एका मुलीच्या प्रेमात पडतो. तीन प्रकरणं झाली आहेत. एका मित्राला ती सिनेमासारखी वाटली, दुसऱ्याला इतिहासाच्या क्रमिक पुस्तकासारखी. म्हणून तुम्ही विचारलंय की इतिहास किती घ्यायचा, कल्पना किती आणि खऱ्या माणसांना कादंबरीत आणायचं का.

दोन मित्रांचे आक्षेप उलटे वाटले तरी दुखणं एकच आहे. तुमच्या आराखड्यात लढा एका बाजूने चाललाय आणि प्रेम दुसऱ्या बाजूने. लढ्याच्या पानांवर प्रेमाला काम नाही आणि प्रेमाच्या पानांवर लढा बाहेर उभा आहे. मग लढ्याची पानं माहितीने भरतात, प्रेमाची पानं उसाशांनी. इतिहासाचं प्रमाण कमी-जास्त करून यात फरक पडणार नाही.

कोल्हापूर संस्थानाच्या शेवटच्या दहा वर्षांवर मी बरीच वर्षं लिहिते आहे आणि प्रत्येक वेळी एकाच जागी येऊन थांबते. भूमिगत आयुष्य आणि प्रेम माणसाकडे उलट गोष्टी मागतात. भूमिगताने सांगायचं नसतं: नाव, गाव, काल रात्री कुठे झोपलो, उद्या कुठे जाणार. प्रेमात पडलेल्याला सगळं सांगावंसं वाटतं. सांगितलं तर समोरच्याचा जीव धोक्यात येतो, नाही सांगितलं तर प्रेम खोटं ठरतं. तुमची कादंबरी या पेचात आहे. बंदुका आणि पाठलाग त्याच्यानंतर.

म्हणून मी प्रत्येक प्रकरण लिहिण्याआधी एका कागदावर प्रत्येक पात्रापुढे तीन गोष्टी लिहून ठेवते: त्याला काय माहीत आहे, तो काय लपवतोय आणि कुणापासून. मग प्रकरणातून प्रेयसीला मनातल्या मनात काढून बघते. ती नसताना लढ्याची हकीकत तशीच्या तशी पुढे सरकत असेल, तर प्रकरण पुन्हा लिहायचं. तुमच्या तीन प्रकरणांना ही कसोटी लावून बघा. मुलीला काहीतरी कळलं म्हणून, किंवा कळू दिलं नाही म्हणून, नायकाने एखादा निर्णय बदलला असं कुठे घडतं का?

आता तारखा, कारण तिथे तुमचा आराखडाच अडतो. भूमिगतांनी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर केलेला हल्ला 13 डिसेंबर 1942 चा. गोळीबारात सात जण हुतात्मा झाले. वळिवड्याची छावणी मात्र 1943 मध्ये वसली. पोलिश बायका-मुलं तिथे येऊ लागली तोपर्यंत गारगोटीला सहाएक महिने होऊन गेले होते. त्या रात्री वळिवड्यात तुमच्या नायकाला दार उघडायला कुणी पोलिश माणूसच नव्हता. शिवाय गारगोटी कोल्हापूरच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर आणि वळिवडे शहराच्या पूर्वेला. जीव वाचवून निघालेला माणूस आडवाटेने एवढं अंतर एका रात्रीत तोडणार नाही.

हे वाचून निराश होऊ नका. मधले सहा महिने ही तुमच्या कादंबरीची सगळ्यात मोलाची जागा आहे. तेवढे दिवस तो कुठे होता, कुणाच्या माळ्यावर झोपला, कुणी खायला घातलं, कुणी ओळखूनही ओळख दाखवली नाही? तुमच्या आजीची गोष्ट इथे बसते. आत्ता ती तुमच्या पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदात येऊन जाते असं तुम्हीच लिहिलंय. तिला निदान चार प्रकरणं द्या.

काळाचे बारीक तपशील कामाला लावता येतात, नुसते सजावटीला ठेवू नका. युद्धकाळात, 1 सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत, देशातली घड्याळं तासभर पुढे केलेली होती. डिसेंबरात कोल्हापुरात दिवस मावळायचा तेव्हा स्टेशनच्या घड्याळात सात वाजलेले असायचे. खेड्यातला माणूस सूर्यावर चालणारा, गाडी घड्याळावर. "दिवस मावळायच्या टायमाला रुकडीच्या टेसनावर ये" आणि "सहाच्या गाडीला ये" हे दोन निरोप एकाच भेटीचे असले, तर ती भेट चुकते. भेट चुकली की कुणीतरी पकडला जातो. असा तपशील असला की वाचकाला तो माहिती वाटत नाही. भोकाचा तांब्याचा पैसा मात्र 1943 पासूनचा. तो गारगोटीआधीच्या प्रसंगात कुणाच्या करगोट्यात अडकवू नका. चंद्रही तपासून घ्या. 13 डिसेंबरला अमावास्या होऊन पाच-सहा दिवस झाले होते, म्हणजे संध्याकाळी पश्चिमेला चंद्र आणि मध्यरात्रीनंतर काळोख. जुनं पंचांग घरात जपलेलं एखादं कुटुंब प्रत्येक गावात सापडतं.

कोल्हापूर ब्रिटिश मुलूख नव्हता, ही गोष्ट बाहेरून या विषयाकडे येणाऱ्यांच्या हातून निसटते. इथे दोन जू होती. प्रजा परिषद 1939 मध्ये निघाली ती संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागायला. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही त्यातली मोठी नावं. गादीबद्दल लोकांच्या मनात जिव्हाळा होता. शाहू महाराजांना जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या वसतिगृहात शिकलेली माणसं घरोघर होती. राजाराम महाराज नोव्हेंबर 1940 मध्ये गेले, त्यानंतरच्या कारभारात रेसिडेंटचा, म्हणजे संस्थानातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीचा, शब्द जड होता. तुमचा नायक म्हणूनच "इंग्रज मेला पाहिजे" एवढ्यावर उभा राहणार नाही. त्याच्या घरात महाराजांची तसबीर आहे आणि त्याच्यावर गोळी झाडणारा शिपाई महाराजांच्याच दरबारचा आहे, मराठी बोलतो, कदाचित त्याच्याच तालमीत घुमलेला आहे. गोऱ्या सोजिराला शिव्या घालणारे संवाद सोपे असतात. एकाच मातीत लोळलेले दोघे, एकाच्या अंगावर पोलिसाचा डगला, आणि दोघांनी एकमेकांना ओळखलंय, हा प्रसंग लिहा. धैर्य तिथे दिसतं. आणि शिपायाच्या बाजूनेही ते असू शकतं, हे विसरू नका.

हद्दींचा नकाशाही भिंतीवर लावा. वारणेच्या पलीकडे ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, तिथे पुढे 1943 पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार. पूर्वेला सांगली, मिरज, कुरुंदवाड ही संस्थानं. दक्षिणेला निपाणी, चिकोडी पुन्हा ब्रिटिश. तुमचं कागल म्हणजे कोल्हापूरच्याच छत्राखालची जहागिरी. भूमिगतांना या हद्दींचा उपयोग होता, कारण एका हद्दीतल्या फौजदाराला दुसऱ्या हद्दीत हात घालायला वेळ लागे. आजीचं सासर आणि माहेर दोन वेगळ्या हद्दीत असेल तर तिचं माहेरी जाणं हीच एक वाहतूक झाली. डोक्यावर गठुळं घेऊन माहेरी निघालेल्या सासुरवाशिणीला कोण अडवणार?

आता वळिवडे. पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर रशिया आणि पोलंडच्या परागंदा सरकारात करार झाला, त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. पंचगंगेच्या काठी, मिरज लाइनीवर, त्यांचं एक गावच उभं राहिलं: बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना. पुढे 1948 च्या सुमाराला ते उठलं आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची तिथे वसाहत झाली, आजचं गांधीनगर.

तुमच्या आराखड्यात ही मुलगी निळ्या डोळ्यांची आहे, दुःखी आहे आणि नायकाला ती लगेच समजून घेते. मला तिथे थांबून विचारायचंय: का समजून घेईल? तिच्या बाजूने बघा. तिच्या आयुष्याचा नाश केला तो जर्मनीने आणि रशियाने. इंग्रज तिच्या देशाचे दोस्त आहेत. तिच्या देशाचं परागंदा सरकार लंडनमध्ये बसलंय. तिला अन्न, छप्पर, शाळा मिळाली ती इंग्रजांच्या साम्राज्यात. आणि समोर हा पोरगा, जो त्याच इंग्रजांच्या तारा तोडतो, युद्धाचं सामान नेणाऱ्या गाड्या अडवतो. तिच्या मते तिच्या बापाच्या फौजेला रसद पोचू नये म्हणून धडपडणारा माणूस! हा काय करतो हे तिला पहिल्यांदा कळेल तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडणार नाही. ती कदाचित छावणीच्या अधिकाऱ्याकडे जायला निघेल. वाटेत ती का परत फिरते, हे तुमच्या कादंबरीचं सगळ्यात महत्त्वाचं पान असेल. ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाच शोधायला हवं. एक शक्यता अशी की गुपचूप चालणारी शाळा, लपवलेली पत्रकं, मध्यरात्रीची दारावरची थाप हे सगळं तिने पोलंडमध्ये स्वतः पाहिलंय. त्याच्या डोळ्यांतली भीती तिच्या ओळखीची आहे.

तिच्या बापाला इटलीत पाठवा. जनरल अँडर्स यांच्या पोलिश कोअरने 18 मे 1944 ला माँटे कॅसिनोचा मठ घेतला. त्याच मोहिमेत, ब्रिटिशांच्या त्याच आठव्या आर्मीत, हिंदुस्थानी डिव्हिजनमधून मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण लढत होती. कोल्हापूर-सातारा भागातल्या गावागावांतून पोरं पलटणीत गेली होती. तर मग तुमच्या नायकाचा थोरला भाऊ तिथे का नसावा? तिचा बाप आणि त्याचा भाऊ एकाच आघाडीवर, आणि तो स्वतः त्या आघाडीच्या मालकाविरुद्ध. यात योगायोगाची ओढाताण नाही, ही त्या काळची साधी वस्तुस्थिती होती. एकाच घरात एक भाऊ पलटणीत आणि एक भाऊ चळवळीत, यात कुणाला विसंगती वाटत नसे, कारण घर चालवायला पैसे लागत.

हे घर डोळ्यांपुढे आणा. महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येतो. युद्धावरच्या पोराने पाठवलेले पैसे. त्यातून जोंधळे येतात. त्या जोंधळ्याच्या भाकरी रात्री भूमिगतांना जातात. सरकारच्या पगारावर सरकारविरुद्धचा लढा पोसला जातोय आणि हे फक्त त्या घरातल्या बाईला ठाऊक आहे. तिने कुणाला सांगावं? पलटणीतल्या लेकाच्या पत्रात लिहिता येत नाही, सेन्सॉर वाचतो. भूमिगत लेकाला सांगितलं तर तो भाकरीला शिवणार नाही. तुम्ही आजीची गोष्ट म्हणून जे जपलंय, ते मला असं दिसतं. नायकाच्या पाठलागापेक्षा या बाईच्या गप्प बसण्यात मला जास्त ताण वाटतो.

भाकरीवर थोडं रेंगाळते, कारण घरातली आठवण कशी उकलायची हे इथे सांगता येईल. आजी हयात आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसल्या तर त्यांच्या जावा, नणंदा, धाकटी भावंडं, शेजारीण, कुणीही चालेल. "तेव्हा भीती वाटली का?" असं विचारू नका. सगळ्या बाया "न्हाय बाई, कशाची भ्या" म्हणतात आणि तिथे दार बंद होतं. हाताच्या कामाबद्दल विचारा. भाकरी कधी थापायच्या? घरात माणसं किती आणि भाकरी किती? जादा पीठ कुणाच्या नजरेला यायचं? दळायचं जात्यावर, मग जास्त वेळ चाललेली घरघर शेजारी ऐकू जायची का? अवेळी चूल पेटली तर धूर दिसायचा, त्याचं काय करायच्या? कोरड्यास कशात बांधायच्या? परत आलेलं फडकं कोण धुवायचं? अशा प्रश्नांवर म्हाताऱ्या माणसांचे हात बोलताना हलायला लागतात आणि मग नवी माहिती येते. माझ्या एका कादंबरीतला मुख्य प्रसंग असाच मिळाला. एका आजीबाईंनी सांगितलं की भाकरी जास्त दिसू नयेत म्हणून त्या दोन भाकरींच्या पिठाची एक थापायच्या, त्यामुळे घरातल्यांनी "सून जाड भाकरी करते" म्हणून वर्षभर नावं ठेवली. त्यांनी ती ऐकून घेतली. माझ्या मनात धैर्याचं चित्र तेव्हापासून हे आहे.

धान्याच्या टंचाईचे दिवस होते, रॉकेलसुद्धा मोजून मिळायचं. अंधारात भाकरी पोचवणाऱ्या बाईला कंदील परवडत नव्हता आणि चालणारही नव्हता. दोन्ही कारणं लिहा.

घरातली आठवण आणि कागद यांची सांगड घालताना एक सावधगिरी. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची पेन्शन योजना 1972 मध्ये आली. तेव्हा लिहिलेल्या अर्जांत आणि दाखल्यांत त्यांची हकीकत आहे, पण ती विशिष्ट अटींना बसेल अशा भाषेत आहे: किती महिने भूमिगत, कुठला तुरुंग, कुणाची शिफारस. घरात पुढे तीच भाषा रुजते आणि मूळ आठवण तिच्याखाली जाते. अर्ज तारखांसाठी वापरा, प्रसंगांसाठी नको. उलट पोलिसांच्या कागदांत नावं चुकीची असतात, पण कोण कुणाच्या घरी आला-गेला याची नोंद बारीक असते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि करवीर नगर वाचन मंदिरात बसायची तयारी ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांत बातमीपेक्षा जाहिराती जास्त वाचा. कुठलं तेल, कुठला साबण, कुठल्या नाटकाचा प्रयोग, गुळाचा भाव काय, ते तिथे सापडतं. बायकांची नोंद कागदात फार थोडी. पण जी आहे ती ठळक आहे: मुंबईचे गव्हर्नर राहिलेले लेस्ली विल्सन यांचा पुतळा कोल्हापुरात भर चौकात होता आणि 1942 मध्ये तो विद्रूप करायला पुढे झाल्या त्या भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे. आज त्या चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. तुमच्या कादंबरीतली बाई भाकरीपाशीच थांबली पाहिजे असं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

खऱ्या माणसांबद्दल. नाना पाटील, बागल, रत्नाप्पा अशी माणसं लांबून येऊ द्या: सभेत, कुणाच्या तोंडच्या गोष्टीत, भिंतीवरच्या पत्रकात. त्यांच्या तोंडी घरगुती संवाद घालणं मी टाळते, कारण वाचकाला त्यांचा आवाज माहीत असतो आणि आपला बनावट आवाज लगेच उघडा पडतो. गारगोटीच्या सात हुतात्म्यांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. त्यांची घरं आहेत, नातवंडं-पतवंडं आहेत, दर डिसेंबरला माणसं गारगोटीला जमतात. त्या सातांतल्या कुणाची जागा तुमच्या नायकाला देऊ नका, आठवा हुतात्मा घडवू नका आणि त्या रात्री कुणीतरी फितुरी केली असं कथानकाच्या सोयीसाठी तर मुळीच रचू नका. नायक त्या जमावाच्या कडेला असू दे, किंवा निरोप पोचायला उशीर झाला म्हणून तो तिथे पोचलाच नाही असं करा. गोळीबार त्याने दुसऱ्याकडून ऐकला आणि आपण तिथे नव्हतो हे त्याला पुढे सलत राहिलं, यातून पात्र घडतं. प्रत्यक्ष हजर ठेवण्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

फितूर हवाच असेल तर गाव कल्पित घ्या. भुदरगडात किंवा कागलात एक नसलेलं गाव वसवा, नदी आणि डोंगर खरे ठेवा. फितुराची जात, धंदा ठरवताना स्वतःला दोनदा विचारा. आपल्याकडच्या गोष्टींत खबऱ्या ठरावीक समाजाचाच दाखवायची खोड आहे. ती अन्यायाची आहे आणि कथेच्या दृष्टीनेही लंगडी, कारण वाचक दुसऱ्याच पानावर ओळखतो. खरी फितुरी बहुतेक वेळा भाऊबंदकीतून, बांधाच्या भांडणातून, कर्जातून होते. तसं दाखवलं तर फितुरालाही एक आयुष्य मिळतं.

भाषेबद्दल थोडंच. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद आपल्या भागातले. "कुठं निघालासा?", "येतो की", "काय सांगालाईस" एवढं पुरे. प्रत्येक शब्द वाकडा करून लिहिलात तर परगावचा वाचक दमतो आणि आपल्या माणसाला ती थट्टा वाटते. नायक-नायिका मात्र बोलणार कशात? त्याला पोलिश येत नाही, तिला मराठी नाही. तो राजाराम कॉलेजात गेलेला असेल तर इंग्रजी. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तो लढतोय त्यांच्याच भाषेत त्याला तिला मनातलं सांगावं लागणार, तेही मोडकंतोडकं. शिकलेला नसेल तर पहिले महिने भाषाच नाही. मग भेटीला निमित्त लागेल. पाच हजार माणसांच्या छावणीला दूध, भाजी, सरपण कुणीतरी पुरवतच होतं. त्या गाडीवरचा माणूस म्हणून त्याला आत जाऊ द्या. पहाऱ्यावरच्या शिपायाला तोंड दाखवून रोज आत जायचं, हा भूमिगताला धोका आहे आणि आडोसाही.

कादंबरी कुठवर न्यायची हे तुमच्यावर आहे. 1943 च्या अखेरीला थांबलात तर ती प्रेम आणि संशयाची गोष्ट होईल, आटोपशीर. पहिली कादंबरी असेल तर मी तेच सुचवेन. पण तुमच्या मनात मोठा पट असेल तर 1945 पर्यंत जा. ऑगस्ट 1944 मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध पोलिश भूमिगत सेना उठली, 63 दिवस लढली आणि बाहेरची मदत पुरेशी आली नाही. ती बातमी छावणीत कशी पोचली असेल याची कल्पना करा. आणि फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल, स्टॅलिन या तीन बड्यांची बैठक झाली, पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहणार हे ठरलं. त्या मुलीचं गाव त्यात गेलं. ज्या इंग्रजांवर तिने भरवसा ठेवला होता त्यांनी सही केली. इतके दिवस ती त्याला सांगत होती की तुझा शत्रू माझा मित्र आहे, आणि आता तिला घरच उरलं नाही. त्या संध्याकाळी तो काय बोलतो? "मी सांगत होतो" असं त्याने म्हटलं तर तो माझ्या मनातून उतरेल. तो काहीच न बोलता गाडीवरचं सरपण उतरवत राहिला, आणि ती त्याच्या बरोबरीने उतरवू लागली, असं काहीतरी मला सुचतं. तुम्हाला याहून चांगलं सुचेल.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलंय की नायकाला मारावं का. मारू नका. गोळीबारात मेलेला नायक लेखकाची सगळ्या प्रश्नांतून सुटका करतो. छावणी उठली तेव्हा बरीचशी पोलिश माणसं मायदेशी परतली नाहीत. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडाला. काहींनी इथेच लग्न करून संसार केला, ही कोल्हापूरला माहीत असलेली गोष्ट आहे. तेव्हा दोन्ही वाटा इतिहासाला धरून आहेत. निवड मात्र तिच्या हातात द्या. सैबेरियाला नेताना, इराणला, मग इकडे आणताना तिला कुणी विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं जातंय, आणि विचारणारा तो आहे. त्याने विचारण्याआधी तिला आपलं खरं नाव सांगितलंय का? तोवर ती त्याला टोपणनावानेच हाक मारत आली असेल, तर हा प्रसंग तुम्हाला लिहायलाच लागेल.

आहेत ती तीन प्रकरणं फाडू नका, बाजूला ठेवा. पहिलं प्रकरण आजीच्या चुलीपासून, डिसेंबर 1942 च्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका रात्रीपासून सुरू करून बघा. घरात जेवणारी माणसं सहा आणि परातीत पीठ नऊ जणांचं. सासू विचारते, "एवढं कशाला मळलंस गं?" आजीने काय उत्तर दिलं, ते लिहून झालं की मला जरूर कळवा.